चोकची तार

"दिवा लागत नाही म्हणून दिव्याला बोल लावू नकोस. आधी परतीची वाट बघ. जाताना करंट धावत जातो, अडतो तो घरी परत येताना."

अण्णांचा आवाज. त्यांच्या हातात लहानग्या ठिणगीचा बंद पडलेला टॉर्च, आणि टॉर्चच्या बुडाची गंजकी स्प्रिंग ते नखाने खरवडतायत. सकाळपासून हे बोलणं तिच्या कानात घुमत होतं, पण पाठ झालेल्या पाढ्यासारखं. ऐकू येत होतं, डोक्यात शिरत नव्हतं.

गॅरेजमधल्या त्या दोनच माणसं बसतील अशा बुटक्या, उघड्या गाडीत ती उलटी झोपली होती. डोकं ब्रेकच्या पेडलपाशी, पाय दाराबाहेर. डॅशबोर्डखालून उपसलेल्या वायरी तिच्या तोंडावर लोंबत होत्या.

"ठिणगे, झालं का?" दारातून थोरल्या भावाने विचारलं.

"झालं असतं तर अशी वटवाघळासारखी लटकले असते का, दादा?"

"मी सरळ विचारलं."

"मग सरळ ऐक. नाही झालं."

थोरल्याने आज औषधांचं दुकान बंद ठेवलं होतं. दुकान बंद ठेवलं की त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. त्याने घड्याळ पाहिलं, खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "चारला शुश्रूषागृहाची व्हॅन येतेय. तोपर्यंत ही चालू झाली तर ठीक. नाहीतर आत्याला मी समजावेन."

"तू आत्याला समजावणार?" गाडीच्या पलीकडून धाकट्याचं डोकं वर आलं. हातात फडकं, केसांत पॉलिशची पांढरी भुकटी. "दादा, मला ते बघायला तिकीट काढावं लागलं तरी चालेल."

"तू गप्प बस. तुझी गाडी चकचकते आहे, चालत नाही."

"माझं काम चकचकवायचं होतं. चालवायचं काम ताईचं."

"आणि माझं काय काम आहे मग?"

"घड्याळ बघायचं," दोघं एकदमच म्हणाली. थोरला तेवढ्यापुरता हसला आणि लगेच परत घड्याळाकडे वळला.

आत्या जिन्यात दोनदा पडली होती. दुसऱ्या वेळी खुबा गेला. वरच्या मजल्यावरची खोली, अरुंद जिना, दिवसभर रिकामं घर. सगळ्यांनी सगळे मार्ग बोलून पाहिले, भांडून पाहिले, आणि शेवटी आत्याच म्हणाली, "जाते मी. तिथे नर्स तरी ऐकायला असेल. पण आडवी नाही जाणार. बसून जाईन. माझ्या गाडीतून, वारा खात."

गाडी तिचीच. तरुणपणी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. दिवसा ती साध्या गाडीवर लोकांना ड्रायव्हिंग शिकवायची. अर्धं गाव तिच्या शेजारी बसून घाबरलं होतं. संध्याकाळी ही काढायची, एकटी. पुढे गाडी गॅरेजमध्ये गेली ती गेलीच. अण्णांनी शेवटच्या आजारपणात सगळ्यांदेखत बहिणीला सांगितलं होतं, "तू या घरातून निघालीस तर तुझ्याच गाडीतून निघशील. माझा शब्द." शब्द देणारा गेला, शब्द तेवढा मागे राहिला. घरातल्या बाकी सगळ्याची वाटणी झाली; हा कोणाच्या वाट्याला आला, ते कोणी बोललं नाही.

ठिणगीने टेस्टलॅम्पचा चिमटा परत नीट बसवला. साधं हत्यार: एक छोटा दिवा, त्याला दोन वायरी. एका वायरीचा चिमटा गाडीच्या अंगाला लावायचा, दुसऱ्या वायरीच्या टोकाने जिथे शंका असेल तिथे टोचायचं. दिवा लागला तर करंट तिथपर्यंत आलाय. नाही लागला तर मागे कुठेतरी अडलाय. सकाळपासून ती टोचत होती आणि दिवा कुठे मिणमिणत होता, कुठे तेवढंही नाही. म्हणून तिने किल्लीचं स्विच बदललं. मग फ्यूजची पेटी. मग जुनी वायर ओढून नवी टाकली. नवीसुद्धा मेलेली.

"ब्रेक दाब रे."

धाकट्याने हात आत घालून पेडल दाबलं. डॅशबोर्डवरचे दिवे मंद उजळले आणि हॉर्न रेड्यासारखा गुरगुरला.

वरच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. "हॉर्न कोणी वाजवला?"

"ब्रेक दाबला, आत्या!"

"माझ्या वेळी ब्रेक दाबला की गाडी थांबायची!"

धाकटा खाली बसून हसायला लागला. ठिणगी मात्र हसली नाही. डावा इंडिकेटर लावला की वायपर शहारत होता. हेडलाइट लावला की इंडिकेटर विझत होता. स्टार्टरला किल्ली दिली की नुसतं टक्. बॅटरी नवी, भरलेली. रोज दहा-दहा मजल्यांच्या लिफ्ट ती चालू करून देत होती; लोक तिच्या भरवशावर वर जात होते. आणि हे खेळण्याएवढं यंत्र तिला वेडावून दाखवत होतं.

"भूत शिरलंय यात," धाकटा म्हणाला.

"भुताला वायर लागत नाही," ती म्हणाली. "पक्कड दे."

*

वर वहिनी, थोरल्याची बायको, आत्याचे कपडे पिशवीत भरत होती. भरत होती म्हणजे आत्या बाहेर काढत होती आणि ती परत भरत होती.

"ही शाल नको. म्हातारी दिसते मी यात."

"बरं."

"आणि ते हातमोजे घे. ते नाहीत, चामड्याचे."

वहिनीने कपाटाच्या तळातून चामड्याचे हातमोजे काढले. बोटांच्या जागी अजून आत्याच्या बोटांचा बाक होता. तिने ते पिशवीत न ठेवता आत्याच्या मांडीवर ठेवले.

खाली परत हॉर्न गुरगुरला. त्यावर थोरल्याचा आवाज चढला, ठिणगीचा त्याहून वर चढला. आत्या कान देऊन ऐकत होती, जशी पूर्वी शिकाऊ लोकांच्या गाडीचा गिअर ऐकायची.

"तिघं एकमेकांना खातायत," ती म्हणाली. "सूनबाई, तुझा शब्द लक्षात आहे ना?"

"आहे."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"सांगितलं की चर्चा होईल. आपल्याकडे चर्चा झाली की काम राहतं."

आत्या खो खो हसली, मग खुब्यावर हात दाबून थांबली. अण्णांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, त्याच दिवशी बाकीचे खोलीबाहेर गेल्यावर तिने वहिनीचा हात धरला होता. "तो बिचारा आता गाडीत बसतोय कुठला? तू ने मला. आणि सरळ रस्त्याने नाही, तळ्याच्या रस्त्याने. वळणं आहेत तिथून." वहिनी हो म्हणाली होती. ती सहसा हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाली.

आणि हो म्हटल्यावर आत्याने तिला आपला रोजचा नेमही देऊन टाकला. गाडी उभी राहिली तरी इंजिन झोपू द्यायचं नसतं. झोपलं की आतल्या आत गंजून धरतं, मग उठत नाही. म्हणून रोज पुढून हँडल घालून अर्धा फेरा फिरवायचा. पाय चालत होते तोवर आत्या स्वतः हे करत आली होती. तेव्हापासून वहिनी रोज पहाटे, घर उठायच्या आत, गॅरेजमध्ये जाई. भिंतीवरचं हँडल काढायचं, घालायचं, अंगाचं वजन टाकून अर्धा फेरा. आतून एक जड उसासा आल्यासारखा आवाज यायचा. मग हँडल पुसून खिळ्यावर. अण्णा गेले त्या पहाटेही तिने हे केलं होतं, नंतर डोळे पुसले होते. धाकट्याने रंगासाठी इंजिन काढून लाकडी घोडीवर ठेवलं, तेव्हा तिने मोठा पान्हा लावून फिरवलं. यात काही मोठं आहे असं तिला कधी वाटलं नाही. एक गोष्ट रोज करायची ठरवली की मनाला तेवढा एक कोपरा स्थिर मिळतो, बाकी घर कितीही हललं तरी.

लायसन्स तिच्याकडे होतं. आत्यानेच परीक्षेला बसवलं होतं. मग एकदा थोरल्याची गाडी काढताना फाटकाला घासली. तो ओरडला नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "राहू दे, मी आहे ना." किल्ली कोणी तिच्याकडून हिसकावली नाही, ती फक्त दुसऱ्या खिळ्यावर गेली. ते आत्याला कळलं तशी थोरला दुकानात असताना तिने सूनबाईला या बुटक्या गाडीत बसवलं आणि तळ्याच्या रस्त्याला नेलं. परत परत. हातातून भीती निघून जाईपर्यंत.

"आणि नाहीच चालू झाली तर?" आत्याने विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "मला पट्टे बांधून, छताकडे बघत नेतील. रस्ता दिसणार नाही गं. आयुष्यभर रस्ता बघत आले मी."

वहिनीने पिशवीची चेन लावली. "चहा देऊन येते त्यांना," ती म्हणाली.

*

ती चहाचा ट्रे घेऊन खाली आली तेव्हा ठिणगी बाहेर येऊन फरशीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर टाकून.

"संपलं माझं," ती म्हणाली. "नवं स्विच, नवी वायर, नवा फ्यूज. आता मीच नवी हवी."

"बघ, मी म्हणालो होतो," थोरला म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"एकदा अजून मारून बघू," धाकटा म्हणाला. तो आत बसला, थंड इंजिन उठवायची चोकची मूठ बाहेर ओढली आणि किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ खाऊन धरूनच ठेवली.

"सोड, बॅटरी उतरेल!"

"अजून एक... आई गं!" त्याने हात झटकला. चोकच्या मुठीतून धुराची बारीक रेघ वर निघाली. जळक्या रबराचा वास पसरला. "भाजलं! चोक तापलाय!"

"मूर्खपणा करू नकोस," ठिणगी उठत म्हणाली. "चोकला करंट नसतो. ती नुसती ओढायची तार आहे. सायकलच्या ब्रेकसारखी."

"मग हात लावून बघ."

तिने लावला आणि झटकन काढला. तार खरोखरच तापली होती. तिने बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. तार डॅशबोर्डमधून निघून थेट इंजिनाला जाऊन मिळत होती. इंजिनाला.

ती तशीच वाकून राहिली. थोरला काही बोलणार होता; वहिनीने ट्रे ठेवता ठेवता त्याच्या दंडाला हात लावला.

बॅटरीतून करंट निघतो, जाड वायरीने स्टार्टरपर्यंत जातो. तिथून परत यायला वेगळी वायर नसते. गाडीचं लोखंडी अंगच परतीची वायर. इंजिनापासून अंगापर्यंत तेवढी एक विणलेली तांब्याची पट्टी, बोल्टने आवळलेली. पट्टीची वाट बंद असेल, तर बिचारा करंट काय करेल? मिळेल त्या फटीतून घरी जाईल. चोकच्या सुतासारख्या तारेतून जाईल, आणि ती तार जळेल.

आधी परतीची वाट बघ.

"अण्णा," ती पुटपुटली. "सकाळपासून सांगताय. मी ऐकते कुठे."

तिने टेस्टलॅम्प उचलला. चिमटा डॅशबोर्डखालच्या बोल्टवरून काढला आणि सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला लावला. मग टोक किल्लीच्या स्विचला टोचलं. दिवा भक्कन पेटला. फ्यूजला टोचलं. पेटला. जी जुनी वायर तिने उपसून फेकली होती, ती फरशीवरून उचलून जोडून पाहिली. तिच्यातूनही पेटला.

"सगळं ठणठणीत होतं," ती म्हणाली. "जुनं स्विचसुद्धा. माझा दिवाच खोटं बोलत होता. चिमटा मी ज्या बोल्टला लावला तोच कशाला जोडलेला नव्हता. लिफ्टचा सांगाडा कधी असा धोका देत नाही, म्हणून मी इथेही अंगावर विश्वास टाकला."

"म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

ठिणगी आता धाकट्याकडे बघत होती. मग तिने पान्हा घेतला, तांब्याच्या पट्टीचा बोल्ट सोडवला, पट्टी बाजूला केली. खाली लोखंड नव्हतं. खाली गडद निळा रंग होता, तळ्यासारखा चमकणारा, थरावर थर.

"तू भोकांच्या आतसुद्धा रंग दिलास?"

"मग?" धाकटा म्हणाला. "आत्याची गाडी आहे. कुठेही कच्चं लोखंड दिसायला नको. बोल्टच्या खालची जागासुद्धा मी ब्रशने भरली. एकेक."

"एकेक," ती म्हणाली. "दिव्यांची, हॉर्नची, सगळ्यांची परतीची जागा रंगाखाली आहे. म्हणून तर हे सगळे एकमेकांच्या घरात शिरतायत. ब्रेकचा करंट हॉर्नमधून परततोय." ती हत्यारांच्या पेटीकडे वळली. "पॉलिश पेपर कुठाय? जाडा दे. खरवडायला लागेल."

धाकट्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "कुठे?"

"इथे. डॅशबोर्डमागे. पुढच्या दोन्ही दिव्यांपाशी."

"पुढे नाही. पुढे दिसतं, ताई. नुसत्या बोल्टपुरतं करता करता कागद सटकला की सगळ्या बॉनेटवर ओरखडा जाईल."

"मग जाऊ दे! गाडी चालायला हवीय की आरशासारखी बघायला?"

"तुला बोलायला काय जातं? तू एका दिवसासाठी आलीस. मी अख्खा हिवाळा इथे..."

"नको खरवडू," थोरला म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळली.

"सकाळपासून तर ही भंगारात घाल म्हणतोयस!" ठिणगी म्हणाली.

"गाडीबद्दल म्हणत होतो. रंगाबद्दल नाही."

आपण हे का म्हणालो ते थोरल्याला स्वतःलाच नीट कळलं नाही. दुकानाच्या मागच्या खिडकीतून गॅरेज दिसायचं. या भावाने आजवर काही हातात घेतलं आणि शेवटाला नेलं असं त्याने पाहिलं नव्हतं. शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं अर्ध्यावर. पण औषधं मोजता मोजता मान वर केली की दिवा जळत असायचा आणि एक पाठ वाकलेली असायची, कागद घासत. घासायची, पुसायची, परत घासायची. थोरल्याने एकदाही जाऊन बरं चाललंय असं म्हटलं नव्हतं. आणि सकाळपासून तो गाडी चालू होऊ नये असं मनात म्हणत होता, हेही त्याला आता कळलं. व्हॅनचं दार पटकन लागतं. या उघड्या गाडीतून आत्या निघाली असती तर तिचा चेहरा वळणापर्यंत दिसत राहिला असता.

"दादा," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "तू बघायचास?"

"खिडकी आहे तिथे," थोरला म्हणाला. "दिसतं."

वरून आत्याने काहीतरी ठोकलं, बहुधा काठी. "ए! मेलात का सगळे? आवाज का बंद?"

धाकट्याने ठिणगीच्या हातातून कागद घेतला. त्याची नीट घडी घातली, बोटाएवढी केली. "मी दिलाय, मीच काढतो," तो म्हणाला. "तुझ्या हाताने ओरखडा जाईल. मी फक्त वॉशरएवढी जागा करतो. दादा, इकडून फडकं धर. बॉनेटवर हाताचा घाम लागू देऊ नकोस."

थोरला औषधाची बाटली धरावी तसं फडकं धरून उभा राहिला. धाकटा खाली वाकला. निळी पूड फरशीवर झडू लागली. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

वहिनीने बशीने झाकलेला चहा त्याच्याजवळ सरकवला. "भाऊजी, गार होतोय."

"होऊ दे, वहिनी."

*

पट्टी आवळून ठिणगी मागे सरकली. "मार."

धाकट्याने किल्ली दिली. टक् झालं नाही. स्टार्टर गरगरला, इंजिनाने एक ठसका दिला, दुसरा दिला, आणि मग गॅरेजच्या भिंती थरथरतील असा घोगरा, एकसारखा आवाज भरून राहिला. वर आत्याने काठीने फरशी बडवली. ठिणगीने धाकट्याची मान दंडात पकडून त्याला हलवलं. थोरला फडकं धरूनच होता.

"आश्चर्य आहे," धाकटा ओरडून म्हणाला. "इतकी वर्षं पडून होतं, इंजिन जाम कसं झालं नाही? मी काढलं तेव्हाही मऊ फिरत होतं. लोक तेल घालून आठवडा-आठवडा ठोकत बसतात!"

"अण्णांची कृपा," ठिणगी ओरडली.

वहिनी कप गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही. पण थोरल्याची नजर कशी कोण जाणे भिंतीवर गेली. तिथे गाडीचं हँडल टांगलेलं होतं. आजूबाजूच्या खिळ्यांना, बिजागऱ्यांना, जुन्या साखळीला गंज चढला होता. हँडल मात्र मुठीपाशी चकाकत होतं, रोज हात फिरणाऱ्या दाराच्या कडीसारखं. त्याने ते पाहिलं. मग ट्रे उचलणाऱ्या बायकोच्या तळव्याकडे पाहिलं. तिथे बोटांच्या मुळाशी घट्टा होता. तो त्याने पूर्वीही पाहिला होता, आणि कपडे पिळून पडला असेल असं समजून विसरला होता.

तो काही बोलणार, एवढ्यात फाटकाशी व्हॅन येऊन थांबली.

व्हॅनचा ड्रायव्हर पोट सुटलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस होता. तो स्ट्रेचर काढायला मागे गेला, मग निळ्या गाडीकडे बघत थबकला. "ही बाईंची गाडी!"

"कोण आहे रे?" वरून आवाज आला.

ड्रायव्हरने दोन्ही हात शरीराला चिकटवले. "मी, बाई! तुम्ही मला शिकवलं होतं. दुसऱ्या वेळी पास झालो."

"तिसऱ्या! स्ट्रेचर ठेव ते आत. चढावर क्लच सोडायला शिकलास का?"

"हो, बाई."

"मग वर ये आणि खुर्ची धर."

वहिनी त्याच्याबरोबर जिन्याने वर गेली. खाली धाकट्याने गाडी अंगणात काढली आणि प्रश्न उभा राहिला.

"मी चालवतो," धाकटा म्हणाला. "हिचा एकेक नट मला माहीत आहे."

"तू? रंगाकडे बघत चालवशील," ठिणगी म्हणाली. "डावा मागचा इंडिकेटर अजून लागत नाही. ब्रेक दाबला की हॉर्न अजून थोडा घुमतोय. रस्त्यात काही झालं तर दुरुस्त कोण करणार? मीच बसते."

"रस्त्यात काही झालं तर जबाबदारी माझी आहे," थोरला म्हणाला. "मोठा मी आहे. अण्णांनी शब्द दिला तो माझ्यावर येतो."

"आता येतो का? व्हॅन बोलावताना नव्हता आला?"

"ताई, तू त्याला असं बोलू नकोस, त्याने फडकं धरलं होतं..."

"फडकं धरलं म्हणून गाडी त्याची?"

"गाडी कोणाचीच नाही! आत्याची आहे!"

"मग आत्यालाच विचार ना!"

आत्याला कोणी विचारलं नाही, कारण आत्याची खुर्ची त्यांच्या मागून चालली होती. ड्रायव्हरने आणि वहिनीने तिला खुर्चीसकट खाली आणलं होतं. धाकट्याने डावी सीट आधीच लाकडी ठोकळ्यांवर उंच करून ठेवली होती, खुबा दुखू नये म्हणून. ती तीत सरळ बसली. वहिनीने तिच्या पाठीशी उशी दिली, पट्टा लावला, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला. आत्या हातमोजे चढवत होती. तिघांचं भांडण अजून चालूच होतं, आता कोणत्या तरी जुन्या सायकलवरून.

वहिनी गाडीला वळसा घालून उजवीकडे आली. दार उघडलं. पदर खोचला, चपला काढून पायापाशी ठेवल्या, कारण आत्याने तिला तसंच शिकवलं होतं: पेडल तळव्याला कळलं पाहिजे. आरसा आपल्या उंचीला वळवला. मग क्षणभर डोळे मिटून दोन्ही हात चाकावर ठेवले.

"जाऊ या?" तिने विचारलं.

"तुला घाई नसेल तर," आत्या म्हणाली.

इंजिनाचा आवाज बदलला तसा ठिणगीने मागे वळून पाहिलं. "वहिनी?"

"वहिनी कुठे निघाली?" धाकटा म्हणाला. "दादा, अरे वहिनीला येतं का? दादा!"

थोरल्याचं तोंड उघडं होतं. राहू दे, मी आहे ना. ते शब्द जिभेवर आलेही होते. वहिनी त्याच्याकडे बघत होती. विचारत नव्हती, नुसती बघत होती, स्वयंपाकघरातून निघताना दिवा घालवू का असं बघावं तशी.

तो वळला आणि फाटकाकडे गेला. एक दार उघडलं. मग दुसरंही उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत, आणि ते परत येऊ नये म्हणून पाठीने धरून उभा राहिला.

"सावकाश," तो म्हणाला. आणि मग, "नाही, तू जशी चालवतेस तशी चालव."

गाडी त्याच्या पायाला वारा लावून गेली. फाटकाला कुठेही घासली नाही. ड्रायव्हरने सामानाची पिशवी आपल्या व्हॅनमध्ये टाकली आणि घाईघाईने मागे निघाला.

"अरे, शुश्रूषागृह उजवीकडे आहे!" ठिणगी रस्त्यापर्यंत धावत आली. "त्या चौकात डावीकडे वळतायत बघ. तिकडे तर नुसतं तळं आहे!"

"असू दे," थोरला म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं नाही. "उशीर होईल म्हणून मी कळवतो त्यांना."

चौकाच्या अलीकडे ब्रेक लागला आणि हॉर्न हलकेच गुणगुणला. डावा इंडिकेटर लागत नव्हता. म्हणून डाव्या बाजूने चामड्याचा हातमोजा घातलेला एक हात बाहेर आला, खांद्याच्या रेषेत, अगदी सरळ, आणि वळण पूर्ण होईपर्यंत तसाच राहिला.